पाइप जाड घेतला म्हणजे सुटलो, असं नाही

नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो: रुग्णालयाच्या पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना फिक्स्चर युनिटच्या (कोणता नळ किंवा फ्लश किती पाणी मागतो, त्या आकड्यांच्या) तक्त्यावरून थेट पाइपचा व्यास ठरवू नकोस. ती पद्धत रॉय हंटर यांनी 1940 मध्ये मांडली. तेव्हाचे फ्लश आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढायचे. शिवाय तिचा हिशेब गर्दीच्या वेळेचा, आणि रुग्णालयातली कित्येक बेसिनं दिवसदिवस कोणी उघडत नाही. मग जाड पाइपात पाणी साचतं, क्लोरीन संपतं, आतून बुळबुळीत थर धरतो आणि 20 ते 45 अंशांत लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचं फावतं.

म्हणून पाइपांच्या जाळ्याच्या मॉडेलमध्ये कमाल मागणीइतकंच किमान वापराकडे बघ. प्रत्येक फांदीतलं पाणी किती तासांनी बदलतं, ते काढ. जमलं तर वॉर्डाच्या लाइनवर फ्लो मीटर लावून सेकंदासेकंदाची नोंद घे. पंधरा मिनिटांच्या सरासरीत खरा उच्चांक विरघळून जातो. (मीही आधी सरासरीवरच भागवायचो.) कोणता नळ पडून असतो, हे नर्सना विचार, त्यांना बरोबर ठाऊक असतं. तो नळ काढलास तर टी-जोडापर्यंतचा पाइपही काप. नुसतं बूच मारलंस तर पाणी तिथेच कुजत राहील.