व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा आवाज खरंच गोड असतो का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. व्हॉल्व्हमुळे (जुन्या रेडिओत असायची ती तापणारी काचेची नळी) गाणं खरंच गोड लागतं का, आणि ऑनलाइन मिळणारा छोटा व्हॉल्व्हवाला प्रीअँप, म्हणजे मुख्य अँपच्या आधी जोडायचा छोटा अँप, घरच्या साध्या (ट्रान्झिस्टरच्या) अँपला जोडला तर तो गोडवा येईल का. पहिल्याचं उत्तर हो, पण सगळं श्रेय व्हॉल्व्हला देऊ नका. दुसऱ्याचं बहुतेक वेळा नाही. मी नाशिकचा, नोकरी सातपूरला, आणि रविवारी जुने रेडिओ उघडून बसायचा नाद आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

कुठलाही अँप मूळ आवाजात पदरचं थोडं काहीतरी मिसळतो. एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, म्हणजे सिंगल एंडेड अँपमध्ये ही भेसळ मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांच्या स्वराची असते. गाणाऱ्याचा सा २४० हर्ट्झला असेल, तर त्यात ४८० हर्ट्झचा, वरच्या सप्तकातला सा मिसळतो. तिसरा हार्मोनिक ७२०, म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. हे स्वर तानपुऱ्याच्या तारेतही असतातच, त्यामुळे कान तक्रार करत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. सातवा हार्मोनिक मात्र कोमल निषादाच्या जरा खाली पडतो, आणि असे वरचे हार्मोनिक वाढले की आवाज टोचायला लागतो. ट्रान्झिस्टर अँप क्षमतेबाहेर ओढला की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि नेमके हेच वाढतात. व्हॉल्व्ह माथा गोलाई ठेवून दाबतो. गिटारवाले व्हॉल्व्ह सोडत नाहीत ते यासाठीच. पण मर्यादेत वाजवलात तर चांगल्या ट्रान्झिस्टर अँपची भेसळ इतकी कमी असते की ऐकूच येत नाही. आणि पुशपुल सर्किट, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकलणारं, असेल तर सम हार्मोनिक आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना बरेचसे खोडतात, म्हणजे मोठ्या व्हॉल्व्ह अँपला ही दुसऱ्या हार्मोनिकची कथा फारशी लागू होत नाही.

माझ्या मते खरी गंमत वेगळीच आहे. व्हॉल्व्ह थेट स्पीकर चालवू शकत नाही, मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि एवढं करूनही अँपचा आउटपुट इम्पिडन्स (स्पीकरला जाणवणारा अँपचा स्वतःचा अडथळा) एक-दोन ओहम, कधी जास्तही राहतो. ट्रान्झिस्टरचा बहुधा ०.१ ओहमच्या आतबाहेर. आता आठ ओहमचा स्पीकर सगळीकडे आठ ओहमचा नसतो, खर्जात एका ठिकाणी तो २०-३० ओहमवर चढतो. व्हॉल्व्ह अँपवर नेमका तिथला आवाज थोडा फुगतो आणि स्पीकरचा हलणारा पडदा सैल हलतो. लोक ज्याला ऊब म्हणतात त्यातली बरीचशी ही. खोटं वाटत असेल तर साध्या अँपच्या स्पीकरच्या एका वायरीत दोन ओहम, दहा वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घाला आणि तबल्याचा डग्गा ऐका. खर्च किरकोळ.

म्हणूनच तो प्रीअँप घेऊ नका म्हणतो. स्पीकर चालवणार तुमचा जुनाच अँप, त्यामुळे वरचा परिणाम येतच नाही. बऱ्याच स्वस्त प्रीअँपमध्ये व्हॉल्व्हला जेमतेम ३०-४० व्होल्ट देतात, जिथे रेडिओत त्याला २५० व्होल्ट मिळायचे. काहींत काचेखाली चक्क नारिंगी एलईडी बसवलेला असतो, शोभेला.

खरा व्हॉल्व्ह अँप घ्यायचा किंवा बांधायचा असेल तर हिशेब धरा: एका ईएल ८४ या पॉवर व्हॉल्व्हवर सिंगल एंडेडमध्ये चार-पाच वॉट मिळतात, तेव्हा कमी पॉवरवर मोठा वाजणारा स्पीकर हवा. एप्रिलमध्ये असा अँप बंद खोली चांगलीच तापवतो. माझ्या अँपमधले ईएल ८४ बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) आहेत, भद्रकालीतल्या एका बंद होत आलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणलेले, आणि मजेत चालतात. परदेशी नावांसाठी चौपट पैसे मोजू नका. जुना ईसीसी ८३, म्हणजे प्रीअँपमधला छोटा व्हॉल्व्ह, घेताना मात्र तो अँपमध्ये लावून काचेवर पेन्सिलीचं टोक हलकेच मारून बघा. स्पीकरमधून टण्ण असा घुमणारा आवाज आला तर तो प्रीअँपच्या कामाचा नाही.

आणि झाकण उघडणार असाल तर प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका. फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टचा चार्ज नंतरही राहतो. रेझिस्टरमधून तो उतरवा, मीटरवर शून्य दिसू द्या, मग पुढचं.