लहान मूल आजारी पडलं की आधी कुठे न्यावं: आशाताई, पीएचसी, तालुक्याचा डॉक्टर की थेट सिव्हिल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा दीड वर्षाचा, वजन १० किलो. गावात आशाताई आहेत, पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र ५ किलोमीटरवर, बालरोगतज्ज्ञ तालुक्याला म्हणजे २२ किलोमीटरवर आणि सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय ७० किलोमीटरवर. ताप, सर्दी, जुलाब अधूनमधून चालूच असतात आणि दर वेळी कुठे न्यायचं यावरून घरात वाद होतो.

ठिकाण आजाराच्या नावावरून ठरवू नका आणि तापाच्या आकड्यावरून तर नकोच. १०३ ताप असलेलं पण पॅरासिटामॉलनंतर उठून खेळायला लागलेलं मूल सकाळपर्यंत घरी थांबू शकतं. ९९ ताप असलेलं पण दूध ओढायचं थांबलेलं मूल थांबू शकत नाही. बघायच्या गोष्टी चार: श्वास कसा चालला आहे, पितंय का, शुद्ध कशी आहे आणि लघवी होतेय का. त्यानंतरचा प्रश्न असा की आत्ता, या वेळेला, त्या ठिकाणी कोण हजर आहे आणि तिथे ऑक्सिजन व भरती करायची सोय आहे का. बंद दवाखाना ५ किलोमीटरवर असला काय आणि ५० वर असला काय, सारखंच.

आधी निकडीचं. मूल काहीच पीत नसेल, पाजलेलं सगळं उलटून टाकत असेल, झटका आला असेल (तापात येऊन लगेच थांबलेल्या झटक्याचं पुढे वेगळं सांगितलं आहे), हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असेल, तर आशाताईंना विचारत बसू नका. १०८ लावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. फोनवर मुलाचं वय, काय दिसतंय आणि गावातली ओळखीची खूण एवढंच सांगा: ‘दीड वर्षाचं मूल, धाप लागली आहे, मारुतीच्या देवळासमोर.’ गाडीला वेळ लागणार असं कळलं तर मिळेल त्या वाहनानं निघा. वाटेत पीएचसी उघडं असेल तर तिथे थांबण्यात शहाणपण आहे, कारण ऑक्सिजन, रक्तातली साखर आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच होऊ शकतो. तिथे दिलेला थोडा वेळ पुढे जीव वाचवणारा ठरू शकतो.

आता खोकला-सर्दी, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सर्दी की न्यूमोनिया हे घरी ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, घड्याळ लागतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, तिथले बालमृत्यू घटले आणि ते काम १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दाईला जमलं ते तुम्हालाही जमेल.

मूल शांत असताना किंवा झोपेत असताना मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा फेकून द्या. झबलं वर सरकवा, छातीकडे नव्हे तर पोटाकडे बघा; पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलचं टायमर पूर्ण ६० सेकंदांवर ठेवा. १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच भरभर, मध्येच थांबल्यासारखा. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे दोन-दोन थेंब घालून, थोड्या वेळानं पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. तुमच्या मुलासाठी रेघ ४० ची. आकडा वर असेल पण मूल पितंय, बरगड्या ओढल्या जात नाहीत, तर त्याच दिवशी पीएचसी पुरतं. तिथे तोंडानं घ्यायचं अँटिबायोटिक मिळतं. मात्र दोन-तीन दिवसांत पुन्हा दाखवायचं आणि औषध सांगितलेले सगळे दिवस द्यायचं. बरगड्या ओढल्या जात असतील तर पीएचसी फक्त वाटेतल्या पहिल्या डोसापुरतं, भरती तालुक्याच्या खाली नको. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला आणि शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र आवाज येत असेल तर घशात चमचा घालून बघायचं नाही, लगेच निघायचं.

श्वास नॉर्मल, मूल खेळतंय, नुसतं नाक वाहतंय, तर कुठेच नेऊ नका. एक वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध द्या, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. खोकल्याचं औषध मागू नका आणि कुणी दिलं तर परत करा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपनं मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूरला आणावं लागलं आणि अनेक दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहू नयेत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत. चांगल्या सिरपनंही खोकला लवकर जात नाही, मूल फक्त गुंगतं. आणि गुंगलेलं मूल आजारानं सुस्त आहे की औषधानं, हे मग डॉक्टरलाही कळत नाही. ओव्याची धुरी, कापूर चोळणं हेही टाळा: धुरानं श्वासनळी आणखी आवळते, आणि कापूर चुकून पोटात गेला तर झटके येतात. पोटावर चटके देणं, ज्याला मेळघाटात डंबा म्हणतात, त्यानं आजार तसाच राहतो आणि वर भाजल्याची जखम होते.

जुलाबांत पहिलं ठिकाण आशाताईंचं घरच. त्यांच्याकडे ओआरएस (पाण्यात विरघळवून पाजायची मीठ-साखरेची पावडर) आणि झिंक दोन्ही फुकट असतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर लिहिलेलं वाचूनच पाणी घ्या. एक लिटर मोजायला पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली वापरा, घरातला तांब्या किती लिटरचा हे कुणालाच माहीत नसतं. पाकीट पूर्ण एकाच वेळी घालायचं. ‘लहान आहे म्हणून अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात’ ही फार वाईट चूक आहे: पाणी खारट होतं, रक्तातलं सोडियम वाढतं आणि झटके येऊ शकतात. उलट जास्त पाणी घातलं तर मीठ कमी पडतं. बनवलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा उकळू नका. दुकानातली फळाच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत; २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला मनाई केली. डब्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं बघा.

दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्यानं, सावकाश. ‘ओआरएस राहत नाही, सलाइन लावा’ असं म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा: ५ मिलीचा चमचा दर मिनिटाला दिला तर तासाला ३०० मिली होतात. १० किलोच्या मुलाला पाणी कमी पडू लागलं असेल तर चार तासांत ७५० मिली लागतात, म्हणजे तासाला १९० च्या आसपास. दीड मिनिटाला एक चमचा. वाटी तोंडाला लावून एकदम पाजलं की उलटी, आणि मग ठपका ओआरएसवर. झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा, पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्यानं कमी होतात. दूध आणि जेवण बंद करू नका. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या मुलाला देऊ नका.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा तास लघवी नाही, हपापल्यासारखं पाणी पितंय, असं दिसलं की चमचा चालू ठेवून पीएचसी गाठा. तिथे चार तास बसवून ओआरएस पाजतात. पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर दोन सेकंदांहून जास्त वर राहत असेल किंवा मूल पिऊच शकत नसेल तर सलाइन लागणार, आणि तेही लगेच. शौचात रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यातही बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल आणि मध्ये अगदी निपचित पडत असेल तर आतड्यात आतडं अडकल्याची शंका घ्यावी लागते; अशा वेळी सर्जन आणि सोनोग्राफी असलेलं ठिकाण, म्हणजे सिव्हिल किंवा मोठं रुग्णालय, पीएचसी नव्हे.

तापात पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही. किलोमागे १५ मिलीग्रॅम, म्हणजे १० किलोला १५० मिलीग्रॅम. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात: ५ मिलीत १२० असेल तर ६ मिली, ५ मिलीत २५० असेल तर ३ मिली, आणि ड्रॉप्स, ज्यात १ मिलीतच १०० असतात, त्याचे फक्त दीड मिली. ड्रॉप्स सिरपच्या मापानं दिले की चौपट डोस जातो. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा. दोन डोसांत सहा तास, दिवसातून चारच्या वर नाही. निमेसुलाइड हे तापाचं दुसरं औषध १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे. मेडिकलवाल्यानं दिलं तर घेऊ नका. तापात झटका आला तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८; थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टर.

तीन दिवसांच्या वर ताप राहिला तर कारण शोधायला तपासणी लागते. पीएचसीत मलेरियाची होते, बाकीच्यांसाठी ग्रामीण रुग्णालय. पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यूचा फसवा भाग लक्षात ठेवा: ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या चालू आहेत, हातपाय गार आहेत, तर ‘बरा झाला’ म्हणून घरी ठेवू नका.

आता खासगी की सरकारी. सर्दी-ताप-जुलाबाला पीएचसीत मिळतं तेच औषध तालुक्याला मिळतं, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत फुकट आहे. खासगीत जायचंच तर प्रत्येक सर्दीला नको. बालरोगतज्ज्ञ तिथे ठेवा जिथे तज्ज्ञ लागतो: दुसऱ्यांदा न्यूमोनिया, वजन न वाढणं, वारंवार धाप, बरा न होणारा ताप. ज्या दवाखान्यात प्रत्येक मुलाला जाताक्षणी इंजेक्शन मिळतं तिथे जाणं सोडा. आणि तीन दिवसांत तीन डॉक्टर बदलू नका. प्रत्येक जण नवं अँटिबायोटिक सुरू करतो, एकही पूर्ण होत नाही आणि चौथ्याला आजाराचा मूळ चेहरा दिसत नाही. मूल बिघडत असेल तर डॉक्टर नव्हे, पायरी बदला: पीएचसीतून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल. खासगीत भरतीची वेळ आली तर ते रुग्णालय सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भरतीआधी विचारा, रेशनकार्ड जवळ ठेवा. ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं ‘घरी थांबा’ काहीच लागू नाही. काखेत ९९.५ किंवा जास्त, अंग गार पडणं, दूध कमी ओढणं, हालचाल मंदावणं, नाभीभोवती लाली, यातलं एकही दिसलं तर ते बाळ एसएनसीयू म्हणजे नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी, बहुतेक करून सिव्हिलला, जायला हवं. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. नेताना बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, वरून शाल. वाटेत दूध पाजत राहा. कुपोषित मुलालाही ‘घरी थांबा’ लागू नाही, कारण त्याला आजार वाढला तरी ताप येईलच असं नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर साध्या जुलाबालाही पीएचसीच्या वर दाखवा.

रात्रीचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो संध्याकाळी सोडवायचा असतो. पाच वाजता श्वास मोजा, लघवी कधी झाली आठवा, आणि शंका असेल तर शेवटच्या एसटीच्या आधी निघा. रात्री अकराला तेच मूल, तीच शंका, पण पीएचसीत नर्स एकटी आणि गाडी मिळत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, हे मूल बरं असतानाच आशाताईंकडून विचारून ठेवा. फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, जुने कागद आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या बाटल्या पिशवीत घ्या. ‘लाल औषध दिलं’ यावरून डॉक्टरला काही कळत नाही.