टर्बो हॅचबॅकला पहिल्यांदाच इनटेक बसवतोयस? मग एवढं बघ

आधी एक सांगतो, नुसता इनटेक (इंजिनला हवा ओढून देणारा पाइप आणि फिल्टर) टाकून गाडी रॉकेट होणार नाही, ट्यूनिंगशिवाय (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्याशिवाय) पॉवर फार वाढत नाही, पण टर्बोचा आवाज मस्त येतो आणि काम अवघड पण नाही, निवांत कर.

इंजिन पूर्ण थंड होऊ दे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. आता सगळ्यात महत्त्वाचं. जुना पाइप काढला की टर्बोचं तोंड उघडं पडतं, तिथे लगेच स्वच्छ फडकं लाव, कारण एखादा छोटा नट जरी आत गेला तर लाखभर आरपीएमने फिरणाऱ्या, टर्बोमधल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची वाट लागते. आणि नवीन पाइप लावायच्या आधी ते फडकं आठवणीने काढ बाबा! (हसू नकोस, लोक विसरतात.)

नवखे लोक हमखास चुकतात ते:

- एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) उलटा बसवणं. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने हवा, आतल्या तारेला बोट लावायचं नाही.
- पाइप आवळणारे क्लॅम्प ढिले ठेवणं. सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये गळती असली की न मोजलेली हवा आत जाते, मग आयडलिंग बिघडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो.
- तेल लावून वापरायच्या एअर फिल्टरला तेल जास्त लावणं, ते उडून सेन्सरवर बसतं.
- हीट शील्ड (इंजिनची उष्णता अडवणारा पत्रा) नको म्हणून काढून टाकणं. मग फिल्टर इंजिनची गरम हवाच ओढत बसतो.

जुना एअरबॉक्स (कंपनीचा फिल्टरचा डबा) फेकू नको, लागतो कधीतरी. ट्यूनिंगचं नंतर बघू, आधी थोडे दिवस चालव आणि क्लॅम्प परत एकदा आवळ.