अंबोसेलीतली ती हत्तीण निष्काळजी नव्हती

तुम्ही लिहिलंय की केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात एक अगदी लहान पिल्लू आईला सोडून एका तरण्या हत्तिणीला लुचत होतं आणि आई लांब निवांत चरत होती. दुसऱ्या एका हत्तिणीने तर दूध मागायला आलेल्या स्वतःच्याच पिलाला पुढच्या पायाने अडवलं. हत्तीण आई म्हणून बेफिकीर असते का, असं तुम्ही विचारलंत. मुळीच नाही. उलट हत्ती पिलं कशी वाढवतात तेच तुम्हाला अगदी जवळून बघायला मिळालं.

ती तरणी हत्तीण बहुधा पिलाची मोठी बहीण किंवा मावसबहीण असणार. तिला दूध नसतं, पण तोंडाला स्तन लागला की पिल्लू शांत होतं. पिल्लू चिखलात रुतलं, मागे राहिलं किंवा नुसतं ओरडलं तरी आईच्याही आधी याच पोरी धावतात. हत्तींच्या अभ्यासक फिलिस ली यांनी अंबोसेलीत केलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या कुटुंबात अशा सांभाळणाऱ्या जास्त, तिथे पिलं जास्त जगतात. आईला तोवर पोटभर चरता येतं, आणि ती चरली तरच दूध येतं. 22 महिने पोटात वाढवलेलं, जन्मतःच 100 किलोच्या आसपास भरणारं पिल्लू पोसायचं म्हणजे खाण्यात खंड पडून चालत नाही.

पायाने अडवलेलं पिल्लू जरा मोठं असेल, बारीक सुळे दिसू लागलेलं. पहिली दोन वर्षं दुधावाचून पर्याय नसतो. त्या काळात आई गेली तर पिल्लू सहसा वाचत नाही. त्यानंतर ते गवतही खातं, पण पुढचं भावंड होईपर्यंत, म्हणजे चारेक वर्षं, दूध मागतच राहतं. तेव्हा आई कधी देते, कधी पाय आडवा घालते.

बेफिकिरीचं म्हणाल तर एकोची हकीकत ऐका. संशोधक सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये अंबोसेलीत सुरू केलेल्या हत्तींच्या अभ्यासातली ही सर्वांत प्रसिद्ध हत्तीण. 1990 मध्ये तिला झालेल्या पिलाचे, इलायचे, पुढचे पाय घोट्यात दुमडलेले होते. त्याला नीट उभं राहता येईना, दूधही नीट पिता येईना. बाकीचा कळप पुढे गेला. एको आणि तिची मुलगी एनिड मात्र त्याच्यापाशीच थांबल्या. ते गुडघ्यांवर रांगायचं आणि त्या त्याच्या चालीने चालायच्या. तिसऱ्या दिवशी त्याचे तळवे जमिनीला टेकले. एनिड तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे आई व्हायचं ते ती तिथेच शिकत होती.

आणि या सगळ्यांच्या वर असते म्हातारी, म्हणजे कळपाची म्होरकी असलेली सर्वांत वयस्कर हत्तीण. टांझानियातल्या तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात 1993 च्या दुष्काळात नऊ महिन्यांत 81 पैकी 16 पिलं गेली. एरवी शंभरात दोन जातात. जे गट उद्यान सोडून पाण्याच्या शोधात बाहेर पडले त्यांची पिलं कमी मेली, आणि त्यांच्या म्होरक्या वयाने मोठ्या होत्या. 1958 ते 61 चा दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिला असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. उद्यानातच राहिलेल्या गटात तेवढ्या वयाची हत्तीणच नव्हती, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुळ्यांसाठी मोठ्या हत्तिणी मारल्या गेल्या होत्या. म्हणून शिकारीत एक म्हातारी गेली असं वाचलं की माझा जीव तिच्या मागे राहिलेल्या पिलांसाठी तुटतो.

पुन्हा जाल तेव्हा ड्रायव्हरला जरा लांबच थांबून इंजिन बंद करायला सांगा आणि आई-पिलावरची नजर काढून आजूबाजूच्या सहा ते बारा वर्षांच्या पोरींवर ठेवा. पिल्लू किंचाळलं की कोण आधी पोहोचतं ते बघा, आणि इथे येऊन जरूर लिहा.