वय १९, लायसन्स नुकतंच आलंय, पहिलीच गाडी म्हणून फोर्डची मस्टँग जीटी किंवा बीएमडब्ल्यूची एम३४०आय घेऊ का?

भावा, तू लिहिलंयस की घरची फौंड्री आहे, पप्पा एम३४०आय घेऊन द्यायला तयार आहेत, तुझं मन मात्र सेकंडहँड मस्टँग जीटीवर बसलंय, आणि आत्तापर्यंत हातात आलीय ती ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आणि घरची इनोव्हा, ती पण पप्पा शेजारी असताना. मी कोल्हापुरातच राहतो, माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे, असल्या गाड्या माझ्याकडं येतात आणि काम झाल्यावर रोडवर एक चक्कर मारून बघायला लागतंय म्हणून त्या चालवायलाही मिळतात. मला या गाड्या लय आवडतात, त्यामुळं "कशाला पाहिजे एवढी गाडी, मायलेज बघ" असलं मी काय सांगणार नाही. माझं उत्तर असं आहे की गाडी घे, पण आधी एक पावसाळा आणि एक गाळप हंगाम छोट्या मॅन्युअल गाडीवर काढ, आणि त्यानंतर घेताना मस्टँग नको, एम३४०आय घे. का ते सांगतो.

सगळे पॉवरची भीती घालतात, माझ्या मते खरी अडचण दुसरीच आहे, ती म्हणजे अशा गाडीत आपण किती जोरात चाललोय तेच कळत नाही. स्विफ्ट घे उदाहरणाला, ८० च्या आसपास हॉर्सपॉवर, १०० च्या स्पीडपुढं गेलास की इंजिन ओरडतंय, वारं आत येतंय, स्टिअरिंग हलकं लागतंय, एखादा ट्रक शेजारून गेला की अख्खी गाडी हलतीय, म्हणजे गाडी तुला सारखी सांगत असते की बाबा आता जोरात चाललोय आपण. एम३४०आयला ३ लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन, ३७४ हॉर्सपॉवर, शून्य ते १०० कंपनीच्याच आकड्यानं ४.४ सेकंदात, आणि १४० ला आत बसून आरामात गप्पा चालू राहतात. ज्यानं लय वर्षं गाडी चालवलीय त्याच्या डोळ्याला वेग कळतो, रस्त्याकडेची झाडं आणि दुभाजकाचे पट्टे कसे मागं जातायत त्यावरनं तो ओळखतो, मीटर बघायची त्याला गरज पडत नाही. तुझा डोळा अजून तयार झालेला नाही, यात तुझा काही दोष नाही, तो कुणाचाच पहिल्या वर्षी तयार नसतो, आणि तो तयार होतो तो बोलणाऱ्या गाडीत, गप्प गाडीत होत नाही.

आता हे आपल्या रस्त्यावर आणून बघ. १०० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण २८ मीटर जाते. समोर काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धर, मग कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर थांबायला अजून ४० मीटर, म्हणजे ६५-७० मीटर झाले. १४० ला हाच हिशोब ११५ मीटरच्या वर जातो, कारण वेग दीडपट पण झालेला नसतो तरी ब्रेकचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं, ते वेगाच्या वर्गानं वाढतं, फिजिक्समध्ये शिकलाच असशील. आणि नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडं रात्री काय असतं तुला माहितीय, कागल रोड घे, राधानगरी रोड घे, गगनबावडा रोड घे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, आणि टायर पंक्चर झाला तर ट्रॉली तिथंच रस्त्यात सोडून मागं दोन दगड लावून ड्रायव्हर गेलेला. डिपरवर ती ट्रॉली पन्नास-साठ मीटरवर दिसली तरी नशीब समजायचं. त्या वेळी गाडी ५० लाखाची आहे का पाच लाखाची याला काय अर्थ राहत नाही, ब्रेक कितीही भारी असला तरी अंतरच शिल्लक नसतं. म्हणून गाळप हंगाम म्हणतोय मी, एक अख्खा सीझन छोट्या गाडीवर रात्रीचं जाणं-येणं झालं ना, की पुढं अंधारात काय असू शकतं याचा अंदाज तुझ्या डोक्यात आपोआप बसतो.

पावसाळ्याचं पण तसंच. रुंद टायर कोरड्या रस्त्याला जबरदस्त पकडतात पण साचलेल्या पाण्यावरनं जोरात गेलं की तेच टायर पाण्यावर तरंगायला लागतात, अरुंद टायरपेक्षा लवकर, आणि त्या क्षणी स्टिअरिंग फिरवून काही होत नाही, ब्रेक मारून पण होत नाही, हळूच पाय काढून सरळ धरून वाट बघायची असते. हे पुस्तकात वाचून पायाला येत नाही. त्यात खड्डे. माझ्याकडं या गाड्या सर्वात जास्त कशासाठी येत असतील तर वाकलेली अलॉय आणि साइडवॉलला फुगा आलेले टायर, १८-१९ इंची रिम, टायरची भिंत बोटभर, खड्ड्यात आदळली की गेलं. छोट्या गाडीत खड्डा चुकवायची, स्पीडब्रेकर लांबून ओळखायची सवय लागली की पुढं लाखभर रुपये वाचतात हे मी धंदा तोट्यात घालून सांगतोय. आणि पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ हायवेवर पाणी येतंय, २०१९ ला आणि २०२१ ला रस्ता बंदच झाला होता, तेव्हा खाली बसकी गाडी पाण्यात घालायची नाही, इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतात आणि साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅडऑन वेगळं घ्यावं लागतं.

मस्टँगचं बोलू. दिसायला आणि आवाजाला तिच्यासारखी गाडी नाही, ५ लिटर व्ही८, पोटात घुमतो तो आवाज, तुला का आवडते ते मला पूर्ण कळतंय. पण ती मागच्या चाकांवर चालते, ४०० च्या आसपास पॉवर फक्त मागच्या दोन टायरवर, आणि नवीन माणूस वळणात घाबरला की एकच गोष्ट करतो, अ‍ॅक्सिलरेटरवरनं पाय झटकन काढतो. वळणात पाय काढला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू बाहेर सुटते. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, बऱ्याचदा सावरून घेतंय पण ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरवर त्याला पण मर्यादा आहे, आणि सेकंडहँड गाडीवर टायर जुनेच असतात, नक्षी दिसायला चांगली पण रबर कडक झालेलं, टायरवरची तारीख बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नको. शिवाय २०१७ मध्ये युरो एनसीएपीनं, म्हणजे युरोपात गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, मस्टँगला आधी दोन स्टार दिले होते, नंतर सुधारणा केल्यावर तीन, या किमतीच्या गाडीला हे कमीच. आणि २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, मस्टँग तर तशीही बाहेरनंच यायची, म्हणजे बंपर किंवा लाइट गेला तर पार्टसाठी थांबायची तयारी पाहिजे. एम३४०आय चारी चाकांवर चालते, पावसात बरीच जास्त माफ करते, पाच माणसं बसतात, आई पण बसेल. माझं मत स्पष्ट आहे, दोघींतली हीच.

आता तू म्हणशील कायद्यानं तर मला चालवता येते. येते, आणि मला हेच बरोबर वाटत नाही. दुचाकीला आपल्याकडं निदान टप्पा आहे, १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतच बिनगिअरची, पुढचं १८ नंतर. कारला काहीच नाही, ज्या लायसन्सवर अल्टो त्याच लायसन्सवर मस्टँग. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये नवीन लायसन्सवाल्याला टनाला १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवायलाच बंदी आहे, त्या हिशोबात एम३४०आय दीडशेच्या वर जाते, म्हणजे तिथं तुला ही चालवताच आली नसती. बाहेरच्या देशात बऱ्याच ठिकाणी तरुण ड्रायव्हरचा इन्शुरन्सच इतका महाग असतो की पोरगं आपोआप छोटी गाडी घेतंय, आपल्याकडं ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम मुख्यतः गाडीची किंमत आणि क्लेमवर चालतो, थर्ड पार्टीचा सीसीवर, तुझं वय १९ आहे का ४९ याचा फारसा फरक नाही. थोडक्यात तुला अडवणारं कुणीच नाही, ना आरटीओ ना इन्शुरन्स, घरचीच माणसं काय ती.

पैशाचं पटकन सांगतो, फार बोलायची गरज नाही. महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ७५ लाखाच्या गाडीला पावणेदहा लाख नुसते तिथं. फौंड्रीच्या कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, हे सीएला आधी विचारा, कारण खर्चात दाखवायला मिळतंय म्हणून लोक कंपनीच्या नावावर घेतात आणि टॅक्स बघून डोळे फिरतात. टायर, ब्रेक पॅड, डिस्क हे सगळं नेहमीच्या गाडीच्या कितीतरी पट, आणि जोरात चालवलीस तर लवकर जाणार.

एक गोष्ट मात्र नीट ऐक, चावी. गाडी आली की मित्र मागणार, "एक राउंड दे की, रंकाळ्यापर्यंत", आणि तू लिहिलंयस धाकटा भाऊ १६ चा आहे, तो तर मागणारच. १८ च्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. पण दंड राहू दे बाजूला. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर जाग्यावर गेले, एक मुलगा एक मुलगी, त्यांच्या घरात आज काय असेल याचा विचार कर. आपल्याकडं रात्री ताराबाई पार्कातनं किंवा विद्यापीठाच्या रोडनं जेवण झाल्यावर माणसं चालायला निघालेली असतात, लहान पोरं सायकलवर असतात, त्यांना तुझ्या गाडीचा शून्य ते १०० चा आकडा माहीत नसतो, त्यांच्या अंदाजानं लांब असलेली गाडी दोन सेकंदात अंगावर आलेली असते. मला तुझ्यापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते आणि हे मी तोंडावर सांगतोय.

मग या वर्षभरात करायचं काय. एखादी जुनी स्विफ्ट किंवा पोलो घे, मॅन्युअलच, टायर नवीन टाक, एवढंच. पोलो मिळाली तर उत्तम, तिचं स्टिअरिंग नि सस्पेन्शन शिकायला लय चांगलं आहे. आणि वेगाची हौस आहे ना, ती भागवायला कोल्हापूरला जे आहे ते फार कमी गावांना मिळालंय, मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांचा, तिथं राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात, आणि आपल्या गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ३ म्हणजे फॉर्म्युला ३ रेसिंगपर्यंत जाऊन आलाय. कार्टला सस्पेन्शन नसतं, बूड जमिनीपासून चार बोटं वर, त्यामुळं टायर कुठं पकड सोडतोय ते थेट पाठीला कळतंय, ब्रेक सरळ रेषेत कधी संपवायचा, वळणात पाय कसा हळू सोडायचा, मागची बाजू सुटली तर हात किती फिरवायचे हे सगळं तिथं पाचशे वेळा चुकता येतं आणि कुणाला खरचटत पण नाही. नुसता फन राउंड मारून येऊ नको, शिकवणारा कोण आहे विचारून नीट ट्रेनिंग घे. पुढं गाडी आल्यावर कोइम्बतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईचा ट्रॅक आहेच, ट्रॅक डेला स्वतःची गाडी नेता येते, तिथं पळव काय पळवायची ती.

पप्पांशी बोलताना त्यांच्याच भाषेत बोल. फौंड्रीत नवीन आलेल्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी वितळलेल्या लोखंडाचं लेडल, म्हणजे ओतायचं भांडं, देतात का? आधी मोल्डिंगला, मग कोअरला, मग दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून, मग स्वतः. त्यांना हे एका मिनिटात पटेल आणि तू वर्षभर थांबतो म्हणालास तर उलट तुझ्यावर विश्वास वाढेल, गाडी कुठं पळून जात नाही.

आणि एम३४०आय आली की पहिले काही महिने कम्फर्ट मोडवरच ठेव, ट्रॅक्शनचं बटण रस्त्यावर कधीच बंद करू नको, लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला एकदम जोरात सोडायची सोय, तर रस्त्यावर नाहीच. हवा महिन्यातनं दोनदा थंड टायरवर तपास, दाराच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच, टायरवाला सांगतोय म्हणून जास्त भरू नको. काही अडलं तर इथंच विचार, गाडी बघायला जाताना सोबत कुणी पाहिजे असलं तरी सांग, मी येतो.