अंकगणिती सर्किटला (म्हणजे चलांपासून सुरू करून पायरी-पायरीने बहुपदी काढणाऱ्या आराखड्याला) अमुक इतके गेट (एकेका क्रियेच्या पायऱ्या) लागतीलच, हे सिद्ध करणं इतकं कठीण का?

कारण एकच सर्किट चालत नाही हे दाखवून भागत नाही, लहान आकाराचं कुठलंच सर्किट चालणार नाही हे दाखवावं लागतं. फक्त बेरीज-गुणाकाराचे गेट असले तरी त्यांच्या जोडण्या अफाट. सर्वसाधारण सर्किटसाठी आजही बाउर आणि स्ट्रासेन यांचा 1983 चा निकाल पुढे आहे: एन चलांच्या एनाव्या घातांची बेरीज करायला साधारण एन लॉग एन इतके गेट लागतात. बस्स, तिथेच गाडी अडली आहे!

सर्किटची खोली, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या गेटच्या थरांची संख्या, ठरावीक ठेवली तर मात्र 2021 मध्ये मोठी उडी पडली. नूतन लिमये, श्रीकांत श्रीनिवासन (दोघेही पूर्वी आयआयटी मुंबईत शिकवत) आणि सेबास्टियन ताव्हेना यांनी काही विशिष्ट बहुपदी काढायच्या तर अशा सर्किटचा आकार (गेटची संख्या) बहुपदीय, म्हणजे एनच्या एखाद्या ठरावीक घाताइतका, राहूच शकत नाही, हे दाखवलं. युक्ती मला फार आवडते. बहुपदीची कोटी (सर्वात मोठा घात) मुद्दाम लहान, लॉग एनच्या आसपास ठेवायची. मग सर्किट चलांच्या गटांनुसार शिस्तीत बसवताना (प्रत्येक पदात प्रत्येक गटातला एकच चल) आकारात होणारी वाढ कोटीपुरतीच राहते. पुढे असमान आकाराचे गट घेऊन बहुपदीच्या सहगुणकांच्या मॅट्रिक्सचा (तक्त्याचा) रँक, म्हणजे त्यातल्या एकमेकींपासून स्वतंत्र ओळींची संख्या, मोजायचा: लहान सर्किटने काढलेल्या बहुपदीचा रँक कमी भरतो, निवडलेल्या बहुपदीचा पूर्ण.