हंड्यांबद्दलचा तो मेसेज

अगं, तुझं रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोजेक्टमधून काय शिकलीस ते टिपण, दोनदा वाचलं, काल रात्री घाईत आणि आज सकाळी चहा घेताना नीट. पुण्याच्या चार धरणांत किती पाणी मावतं ते लहानमोठ्या हंड्यांनी दाखवणारं तुमचं इन्फोग्राफिकपण झूम करून बघितलं. मेहनत दिसतेय, निळ्या रंगाच्या शेड्स तर फार सुंदर जमल्यात. पण रिफ्लेक्शन तुला परत लिहावं लागेल. 'सर्वांनी मिळून मेहनत घेतली व टीमवर्कचे महत्त्व समजले' हे वाक्य कुठल्याही प्रोजेक्टला चिकटवता येतं गं, त्यात ना धरणं आहेत ना हंडे ना तुम्ही पाच जण.

आणि फोनवर तू जे सांगितलंस ते तर यात कुठेच नाही! सबमिशनच्या आदल्या रात्री तुमच्यातला एक जण ग्रुपवर लिहितो की हंडे बरोबर वाटत नाहीयेत, कुणीच उत्तर देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ज्युरीतल्या मॅडम नेमकं तेच विचारतात. तुझं रिफ्लेक्शन तिथे आहे. तिथूनच सुरू कर.

आधी तो म्हणत होता ते काय होतं ते बघू. वरसगाव १२.८२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७, आकडे तुम्ही बरोबर घेतलेत. वरसगावचा हंडा खडकवासल्याच्या साडेसहापट उंच काढलात, तेही ठीक वाटतं. पण हंडा कोपऱ्याला धरून मोठा केला की उंचीबरोबर रुंदीपण वाढते, म्हणजे कागदावर त्याने व्यापलेली जागा साडेसहा गुणिले साडेसहा, बेचाळीसपट झाली. वर हंडा म्हणजे भांडं, बघणारा मनात आत किती पाणी मावेल याचा अंदाज बांधतो, म्हणजे फरक त्याला आणखीनच मोठा वाटणार. आकडा खरा लिहिलाय पण चित्र खोटं बोलतंय, आणि लोक चित्र आधी बघतात.

यावरचा उपाय जुना आहे. समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयरात यांनी १९२५ साली व्हिएन्नात एक म्युझियम सुरू केलं, सामान्य लोकांना समाजाचे आकडे चित्रातून कळावेत म्हणून, आणि त्यांचा नियम असा की संख्या मोठी असेल तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. तुमच्या विषयाला हे इतकं चपखल बसतं की बघ, एक हंडा म्हणजे एक टीएमसी धर, वरसगावला जवळपास तेरा, पानशेतला साडेदहाच्या वर, टेमघरला पावणेचार आणि खडकवासल्याला फक्त दोन. एकूण २९.१५, एका ए३ वर आरामात बसतात. आणि पुणेकराला जे धरण रोज दिसतं, जिथे चौपाटीवर कणीस खायला जातात, ते चौघांत सगळ्यात लहान आहे हे एका नजरेत कळतं! मला तर हीच तुमच्या पोस्टरची हेडलाइन वाटते. टीएमसी म्हणजे किती हेही कुठेतरी सांगा. एक टीएमसी म्हणजे दहा हजार लिटरचे साधारण २८ लाख टँकर. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, हा कोपऱ्यातला बॉक्स मात्र काढा. फार मोठी गोष्ट आहे ती, अशी कोपऱ्यात कोंबायची नाही, त्याचं वेगळं पोस्टर करा.

त्या म्युझियमबद्दल अजून एक सांगायचंय. तिथे मारी रायडेमाइस्टर, नंतरच्या मारी नॉयरात, यांचं काम होतं आकडेवाले आणि चित्रकार यांच्या मधलं. आकडे समजून घ्यायचे, त्यातलं सांगण्यासारखं काय ते ठरवायचं, कच्ची मांडणी करायची आणि मग गेर्ड आर्न्ट्झसारख्या चित्रकाराकडे सोपवायचं. तुमच्यात दोघांनी आकडे जमवले, दोघींनी डिझाइन केलं, पण मधलं काम कुणाला दिलंच नव्हतं, ते त्या मुलाने न सांगता केलं आणि त्याला कुणी हो-नाही पण म्हटलं नाही.

यात तुझा वाटा काय ते लिही. फाइल तुझ्या लॅपटॉपवर होती ना? ग्रुप प्रोजेक्टमध्ये माऊस ज्याच्या हातात त्याचंच शेवटी चालतं. मी शिकत असताना माऊस माझ्या हातात होता आणि आमच्यातल्या एका मैत्रिणीने उन्हात फिरून विहिरींच्या पातळ्या मोजून आणल्या होत्या, मी पोस्टरवर तिचं नाव खाली बारीक अक्षरात 'सहाय्य' म्हणून टाकलं. ती काही बोलली नाही. इतकी वर्षं झाली तरी मला ते बोचतं, म्हणून तुला सांगतेय, त्याला आजच फोन कर, मेसेज नको. आणि रिफ्लेक्शन सबमिट करायच्या आधी त्याला वाचायला दे, कारण त्याच्याबद्दल लिहिणार आहेस.

बाकी किरकोळ. पोस्टरवरच्या 'स्थिती'मधल्या वेलांट्या सरकल्यात, जोडाक्षरं तुटलीत. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू कर आणि पॅराग्राफ पॅनलमधून साउथ एशियन कंपोझर निवड. फॉन्ट मुक्ता घेतलास तरी चालेल, फुकट आहे आणि आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलाय. दोन ओळींमधलं अंतरपण वाढव, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतायत.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरीच आहे. तुम्ही दोघं या, जमलं तर पाचही जण या, आणि ए३ वर प्रिंट काढून आणा, मोबाईलवर बघून मला काही सांगता येणार नाही.

तुझी ताई